घोरतोय म्हणजे झोपलेला नाहीये: अपघातातला जखमी माणूस कसा तपासायचा

मागच्या पावसाळ्यात बोपदेव घाटात एक बाईक वळणावर घसरली, आम्ही दोन गाड्या मागे होतो. पोचलो तोवर सात-आठ जण जमलेले आणि सगळे चालवणाऱ्या पोराभोवती, कारण तो पाय धरून आई गं आई गं करत ओरडत होता. त्याचा मित्र मात्र कडेला गटाराजवळ उताणा पडलेला आणि चक्क घोरत होता. एक काका म्हणाले, "प्यायलेलं दिसतंय, झोपलंय, राहू दे." वास तर कसलाच येत नव्हता. माणूस बेशुद्ध झाला की जीभ मागे पडते, श्वासाचा रस्ता अर्धा बंद होतो आणि घोरल्यासारखाच आवाज येतो, ती झोप नसते, तो गुदमरतोय.

मी डॉक्टर नाही. कंपनीत फर्स्ट एडचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालेलं, तेही जेवण चांगलं असतं म्हणून गेलेलो. पण त्यातली एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती की जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, त्यामुळे आधी गप्प पडलेल्याकडे जायचं.

हात लावायच्या आधी

आधी स्वतःकडे बघा. मागून ट्रक येतोय का, पेट्रोल सांडलंय का, विजेची तार पडलीय का. आपली गाडी थोडी अलीकडे लावून इंडिकेटर चालू करा आणि एकाला वळणावर उभं करून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायला लावा, नाहीतर तपासणारेच आडवे व्हायचे. मग फोन. "कुणीतरी १०८ लावा" असं गर्दीला म्हणालात तर कुणीच लावत नाही, सगळ्यांना वाटतं दुसऱ्याने लावला असेल. एकाकडे बोट दाखवून सांगा, "ओ निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा, किती जण जखमी आहेत ते सांगा आणि लागला की मला येऊन सांगा." पोलीसही हवे असतील तर ११२, नॅशनल हायवे असेल तर १०३३. पत्ता सांगताना किलोमीटरचा दगड, जवळचं हॉटेल, मंदिर असं काहीतरी द्या, "घाटात" एवढ्यावर ॲम्ब्युलन्सवाला काय शोधणार?

पोलीस केस मागे लागेल म्हणून लोक लांबूनच व्हिडिओ काढतात. पण २०१९ मध्ये मोटर वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलंय, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्यासाठी केस होत नाही आणि नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही.

पहिलं मिनिट

दोन्ही खांद्यांवर थोपटून मोठ्याने विचारा, "दादा, ऐकू येतंय का?" गदागदा हलवू नका, मानेला मार असू शकतो. नीट बोलला तर श्वासाचा रस्ता आत्ता तरी मोकळा आहे. काहीच उत्तर नाही, तर गाल त्याच्या नाकातोंडाजवळ नेऊन नजर छातीवर ठेवा आणि मनात दहापर्यंत मोजा. छाती हलतेय का, हवा गालाला लागतेय का. माशासारखं तोंड उघडून मधूनच एखादा आचका देत असेल तर तो श्वास म्हणून धरायचा नाही, इथे भलेभले फसतात.

श्वास नसेल तर वेळ घालवू नका. छातीच्या मधोमध हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, आणि मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत हात भरून येतात म्हणून माणूस बदलत राहा. तोंडाने श्वास द्यायचं शिकला नसाल तर नुसते दाब द्या, पण थांबू नका.

गटाराजवळचा तो पोरगा श्वास घेत होता, फक्त घरघरत. मी डोक्यामागे गुडघ्यावर बसलो, कानाखाली जबड्याचा जो कोपरा असतो तिथे दोन्ही बाजूंनी बोटं लावून जबडा पुढे उचलला, मान जागच्या जागी ठेवून. घोरणं एकदम थांबलं आणि छाती नीट भरायला लागली. ते काका गप्प झाले. असं जमलं नाही तर कपाळावर हात ठेवून हनुवटी वर उचला, मानेची भीती आहेच पण श्वासाशिवाय मान वाचवून करायचं काय. उलटी आली तर डोकं, खांदे, कंबर सगळं एकत्र, ओंडका लोटल्यासारखं कुशीवर वळवायचं, त्याला तीन जण लागतात. हेल्मेट डोक्यात असेल आणि श्वास नीट चालू असेल तर काढू नका, काच फक्त वर करा.

रक्त

भळभळ वाहणारं रक्त दिसलं तर ते लगेच, श्वास बघता बघता दुसऱ्या कुणाला तरी बसवा. स्वच्छ रुमाल, ओढणी, टॉवेल जे असेल ते जखमेवर ठेवून तळहाताने जोर लावून दाबायचं, हातात ग्लोव्हज नसतील तर दुकानातली प्लास्टिकची पिशवी घाला. दाबलं की घड्याळ लावून दहा मिनिटं. थांबलं का म्हणून मधे उचलून बघायचा मोह होतोच, पण त्याने गोठायला लागलेलं परत फुटतं, कापड भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेवा. काच, सळई रुतली असेल तर उपटू नका, बाजूने दाबा. हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट घरीच ठेवा.

हातापायातून रक्ताची चिळकांडी उडतेय आणि दाबूनही थांबत नाही, तेव्हाच जखमेच्या वर चार बोटांवर, सांध्यावर नाही, तीन बोटं रुंद पट्टी बांधून त्यात काठी घालून पिळायचं, रक्त थांबेपर्यंत. दुखतं, पेशंट शिव्या देतो, देऊ दे. बांधल्याची वेळ लिहून ठेवा आणि सोडू नका. सुतळी किंवा तार नको, ती मांस कापते.

मग डोक्यापासून पायापर्यंत

आता सावकाश. डोक्याला टेंगूळ, कानानाकातून रक्त किंवा पाणी, मान, छाती, पोट, कंबर, पाय. पाठीखाली हात सरकवून बाहेर काढून बघा, काळ्या रेनकोटवर रक्त दिसतच नाही. शुद्धीत असेल तर नाव काय, कुठे निघाला होतात, आज वार कुठला असं विचारा आणि दर पाच मिनिटांनी परत विचारा. पहिल्यांदा नीट सांगणारा नंतर गोंधळला, तर डोक्यात काहीतरी चाललंय.

सगळ्यात फसवा तो मुका मार. हँडल पोटात बसलेलं, बाहेर ओरखडासुद्धा नाही आणि आत रक्त साचतंय. चेहरा पांढराफटक, अंग गार, दरदरून घाम, नाडी पळतेय आणि सारखं "पाणी द्या, पाणी द्या". ही तहान म्हणजेच खूपदा रक्त गेल्याची खूण असते. आणि नेमकी तेव्हाच एखादी मावशी बाटली घेऊन पुढे येते, मनाने चांगली असते बिचारी, पण पाणी अजिबात द्यायचं नाही, उलटी होऊन श्वासात जाऊ शकतं आणि ऑपरेशन लागलं तर भुलीलाही अडचण. ओठ ओले करा फार तर. आडवं ठेवा, चादर, जॅकेट जे असेल ते पांघरा आणि खाली ओलं असेल तर शक्य तेवढं कोरडं काहीतरी सरकवा.

ओरडणाऱ्याचा पाय गुडघ्याखाली वाकडा झालेला. सरळ करायचा नाही. आहे तसाच, दोन्ही बाजूंनी गुंडाळलेली जॅकेटं लावून हलणार नाही असा टेकवला, बोटं गरम आहेत का आणि हात लावलेला कळतो का एवढं बघितलं. गर्दीतले दोघं त्याची उचलबांगडी करून टेम्पोत घालायला निघालेले, त्यांना अडवणं हे बाकी सगळ्यापेक्षा अवघड गेलं खरं सांगायचं तर.

"मला काही झालं नाही" म्हणत उठून जाणाऱ्यालाही सांगून ठेवा, पुढच्या २४ तासांत सारखी उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ झाला तर सरळ दवाखाना गाठ.

ॲम्ब्युलन्स आल्यावर

डॉक्टरांना चारच गोष्टी सांगा, किती वाजता झालं, कसं पडला, काय दिसलं, तुम्ही काय केलं. आम्हाला पहिला प्रश्न आला, "बेशुद्ध किती वेळ?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कुणी म्हणे पाच मिनिटं, कुणी अर्धा तास. मी मनगट पुढे केलं. वेळ तिथे लिहिलेली होती, एका मुलीकडून मागून घेतलेल्या काजळाच्या पेन्सिलने, कारण त्या अख्ख्या गर्दीत एकाकडेही पेन नव्हता. आता डिकीत ग्लोव्हज, रुंद क्रेप बँडेज आणि कात्रीबरोबर एक पेनही असतो.