आधी छेद ठरवा: माता-बालआरोग्याची प्रगती घरोघर पाहणीतून कशी मोजावी

सोलापूर शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत जन्मणारी सगळी बाळं सोलापूरची नसतात. तुळजापूर, इंडी, आळंद, अशा जिल्ह्याबाहेरच्या आणि सीमेपलीकडच्या गावांतूनही बाया बाळंतपणाला इथं येतात. उलट, इथल्या सुना पहिल्या खेपेला माहेरी जातात. त्यामुळे दवाखान्याच्या रजिस्टरवरून ‘आपल्याकडच्या शंभर बाळंतपणांपैकी किती दवाखान्यात झाली’ हे काढता येत नाही. अंश मिळतो, पण छेद, म्हणजे आपल्याकडची एकूण बाळंतपणं, मिळत नाही. छेद मिळतो तो घराच्या दारात.

मी आरोग्य पाहणीच्या पथकात आधी मुलाखती घेत होते, आता पथक सांभाळते. ग्रामपंचायत सदस्य, आशाताई, समाजकार्य (एमएसडब्ल्यू) शिकणारी मुलं मला विचारतात की आमच्याकडे सुधारणा झाली की नाही हे कसं कळणार. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात जिल्ह्याच्या पत्रकापासून, म्हणजे राष्ट्रीय पाहणीतल्या जिल्ह्याच्या आकड्यांच्या तक्त्यापासून करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून होतं आहे, पण जिल्हावार आकडे चौथ्या फेरीपासून, म्हणजे २०१५-१६ पासून मिळू लागले. पाचवी फेरी २०१९-२१ ची. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे या कामाची सूत्रं असतात आणि सोलापूरचं पत्रक कुणालाही उतरवून घेता येतं. ते वाचताना तीन गोष्टी तपासा.

एक, साल. पाचवी फेरी २०२१ पर्यंत चालली असली तरी महाराष्ट्रातलं काम २०१९ मध्येच झालं. त्यामुळे कोविडचा परिणाम या आकड्यांत शोधू नका. शिवाय दवाखान्यातल्या बाळंतपणाचा आकडा हा पाहणीआधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांचा आहे. गेल्या वर्षी उपकेंद्रात सुरू झालेलं चांगलं काम त्यात जेमतेम दिसेल.

दुसरी, व्याख्या. ‘पूर्ण लसीकरण’ म्हणजे १२ ते २३ महिन्यांच्या मुलांना बीसीजी, गोवराची लस, आणि पोलिओ व त्रिगुणी किंवा पेंटाचे (पाच रोगांवरच्या एकत्र लसीचे) तीन-तीन डोस; जन्मावेळचा पोलिओचा थेंब यात धरत नाहीत. आज वेळापत्रकात आणखी लसी आहेत. त्या तुम्ही यात मिसळल्यात, तर तुमचा आकडा पत्रकाशी ताडून पाहता येणार नाही. त्यांचा रकाना वेगळा ठेवा.

तिसरी, मुलं किती मोजली. यावर मी नेहमी जास्त वेळ देते, कारण सभेत भांडणं इथूनच सुरू होतात. समजा जिल्ह्यात त्या वयाची १५० मुलं पाहणीत आली आणि ७० टक्के पूर्ण लसीकरण निघालं. खरा आकडा साधारण ६३ ते ७७ च्या दरम्यान कुठंही असू शकतो, आणि मुलं ठरावीक वस्त्यांतूनच घेतलेली असल्यामुळे पल्ला याहून थोडा रुंदच धरायला हवा. मग मागच्या फेरीत ६७ होतं, आता ७० झालं, म्हणून हार-तुरे देण्यात अर्थ नाही. ६७ वर आलं म्हणून सिस्टरला धारेवर धरण्यातही नाही. राज्याचं उदाहरण घ्या. वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या मुलांचं प्रमाण चौथ्या फेरीत ३४.४ टक्के होतं, पाचव्या फेरीत ३५.२. याला ‘वाढ झाली’ म्हणू नका. याचा अर्थ चार वर्षांत सुधारणा दिसली नाही, आणि ती बातमी पुरेशी गंभीर आहे. त्याच काळात दवाखान्यातली बाळंतपणं ९०.३ वरून ९४.७ टक्क्यांवर गेली. बाळंतपण सुखरूप होऊ लागलं, पण पुढची दोन वर्षं मुलाच्या ताटात काय पडतं हा प्रश्न तसाच राहिला, असं मी हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचते.

माता मृत्यू गावच्या पाहणीतून मोजायला जाऊ नका. २०१८-२० मध्ये राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता मृत्यू होते. तीन हजार वस्तीच्या गावात वर्षाला पन्नासेक बाळं जन्मतात. तिथं टक्केवारी निघणारच नाही. एकही मृत्यू झाला तर त्याची स्वतंत्र चौकशी हवी. गावासाठी चार-पाच गोष्टी पुरतात: गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी, गरोदरपणातल्या चार तपासण्या, बाळंतपण कुठं झालं, लसीकरण, मुलांची उंची आणि वजन.

आता प्रत्यक्ष काम. एका गावापुरतं करायचं असेल तर नमुना काढू नका, सगळी घरं करा. तालुक्यासाठी मात्र जुनी, पारखलेली पद्धत आहे: ३० वस्त्या आणि प्रत्येकीत ७ मुलं. गावांची यादी लोकसंख्येसह लिहा, बेरीज पुढे पुढे ओढत न्या, एकूण बेरजेला ३० ने भागा. १ पासून त्या भागाकारापर्यंतचा एखादा आकडा चिठ्ठी टाकून काढा आणि तिथून तेवढ्या-तेवढ्या अंतरावर येणारी गावं घ्या. मोठ्या गावाची पाळी आपोआप जास्त वेळा येते. २१० मुलांतून मिळणारा आकडा दहा टक्के इकडे-तिकडे असतो, हे अहवालात पहिल्याच पानावर लिहा.

घरांची यादी अंगणवाडीच्या वहीतून उतरवू नका. त्या वहीत नसलेलं मूलच बहुतेक वेळा डोस चुकलेलं असतं. शेतवस्त्या, वीटभट्ट्या, साखर कारखान्याभोवतीच्या ऊसतोड्यांच्या कोप्या पायी फिरून मोजा. राष्ट्रीय पाहणीत घरचे कायमचे लोक आणि आदल्या रात्री तिथं झोपलेले पाहुणे, दोघंही धरतात. तुम्हीही तसंच करा, पण पाहुण्यांपुढे खूण ठेवा. माहेरी आलेली लेक कोणत्या गावची, हे नंतर वेगळं काढता येतं.

विचारणारी बाई घराची भाषा बोलणारी हवी. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कितीतरी गावांत कन्नड, शहराच्या पूर्व भागात तेलुगू, काही मोहल्ल्यांत उर्दू. तिथं मराठी फॉर्म वाचून दाखवला की बाई ‘हो, हो’ म्हणत राहते आणि फॉर्म सुंदर भरतो. विड्या वळणाऱ्या घरात गेलात तर तिचा हात थांबवू नका, शेजारी बसून विचारा. तिची मजुरी वळलेल्या विड्यांवर ठरते. गर्भपात, पाळणा लांबवणं हे प्रश्न सासूबाई समोर असताना विचारू नका. दुसरी सोबतीण सासूबाईंशी पाहुण्या-रावळ्यांची यादी करत बसली की तेवढा एकांत मिळतो.

लसीकरणाचं कार्ड आधी मागा, आठवण नंतर. कार्ड माहेरी राहिलं असेल तर आईच्या सांगण्यावरून लिहा, मात्र कार्डावरून किती आणि तोंडी किती हे वेगळं ठेवा.

वय हा सगळ्यात नाजूक भाग. ७३.५ सेंटिमीटर लांबीची मुलगी १५ महिन्यांची असेल तर ठीक आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात त्या वयाच्या मुलींची खालची रेषा ७२.० आहे. तीच १८ महिन्यांची असेल तर रेषा ७४.९, म्हणजे ती खुजी ठरते. जन्मतारीख कागदावर नसेल तर सणांचा तक्ता सोबत ठेवा: जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी झाली की नंतर, आषाढीला पोटात होती का, दिवाळीला पालथी पडत होती का. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवून मोजा, वरच्याला उभं. उलटं करावं लागलं तर आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा ०.७ सेंटिमीटरने जास्त असते, तो फरक धरा. दोघींनी मोजायचं, एकीनं डोकं, एकीनं गुडघे. संध्याकाळी फॉर्म चाळा, सगळ्या उंच्या .० आणि .५ वरच संपत असतील तर अंदाजानं लिहिलंय, दुसऱ्या दिवशी त्या घरांत परत जा.

सहा महिन्यांवरच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर अहवालाची वाट बघू नका. त्याच दिवशी आशाताईला किंवा सिस्टरला सांगा आणि मूल दवाखान्यात पोचलं का ते विचारा.

दुसरी फेरी त्याच महिन्यात, त्याच प्रश्नांनी, त्याच व्याख्यांनी करा. पावसाळ्यात जुलाब-तापानं मुलं उतरतात. पहिली फेरी श्रावणात आणि दुसरी माघात केलीत तर ऋतूचा फरक कामाचा म्हणून खपेल. दोन फेऱ्यांत दोन-तीन वर्षं जाऊ द्या. ग्रामसभेत टक्केवारीसोबत मुलांची संख्याही वाचा, ‘४६ पैकी ३१’ अशी. नावं वाचू नका. मूळ फॉर्म कुलपात ठेवा, आणि आकड्यांच्या वहीवर कोणत्या वयाची मुलं धरली आणि पाहुणे धरले की नाही, हे पहिल्या ओळीत लिहा. पुढची फेरी करणारी माणसं वेगळी असतील.