घाट उतरून कोकणातल्या शाळेत आलात? डिसेंबर असा काढा

पहिली गोष्ट, नाताळची आठवडाभर सुट्टी मिळेल या भरवशावर गावाकडचं तिकीट काढू नका. वर्षाच्या सुट्ट्या ७६ दिवसांच्या वर जाऊ शकत नाहीत आणि कोकणात त्यातला मोठा घास गणपतीत जातो. दिवाळीची सुट्टी त्यामुळेच घाटावरच्यापेक्षा आखूड वाटते. नाताळात सुट्टी हवीच असेल तर दिवाळी किंवा उन्हाळ्यातले दिवस कमी करून, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने ती घेता येते. पण हे वर्षाच्या सुरुवातीला ठरवायचं काम आहे. बहुतेक मराठी शाळांत २५ डिसेंबर हा एकच दिवस मोकळा असतो. किरकोळ रजा ३१ डिसेंबरला बुडतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात सगळेच अर्ज टाकतात. द्विशिक्षकी शाळेत जोडीदाराशी नोव्हेंबरातच बोलून घ्या, नाहीतर शाळा एकावर पडते आणि पुढचे सहा महिने बोलणी खावी लागतात.

सिंधुदुर्गात रुजू झाला असाल तर कॅलेंडरपेक्षा जत्रांची यादी महत्त्वाची. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होतात, गावोगाव दहीकाला होतो आणि पालखी फिरून आल्यावर मध्यरात्रीच्या आसपास दशावतार, म्हणजे इथलं लोकनाट्य, उभा राहतो तो पहाटेपर्यंत. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग रिकामा आणि उरलेला पेंगत असतो. त्यावर रागावून काही निघत नाही. जत्रा तिथीवर असते, तारखेवर नाही. तेव्हा गुरवाला किंवा मानकऱ्यांना विचारून आपल्या आणि शेजारच्या तीन-चार गावांच्या तारखा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. त्या दिवसानंतर लगेच चाचणी लावू नका. त्याऐवजी मुलांना रात्रीचं आख्यान सांगायला लावा. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, नट प्रसंग ठरवून संवाद तिथल्या तिथे बोलतात. मुलांनी ते पाहिलेलं असतं, त्यामुळे जे मूल प्रमाण मराठीत तोंड उघडत नाही ते नाटकातल्या संकासुराची नक्कल मालवणीत धडाधड करतं. ती बोली आधी ऐकून घ्या, ‘माका’, ‘तुका’, ‘खय’ला लाल शाई नंतर.

वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडीकडे ख्रिस्ती घरं असलेल्या वाड्या आहेत. २४ तारखेच्या मध्यरात्री चर्चमध्ये मिस्सा म्हणजे प्रार्थना असते, म्हणून २६ला हजेरी पातळ राहते. डब्यात नेवऱ्या नि दोदोल हा नाताळचा फराळ मात्र सगळ्यांच्या वाट्याला येतात.

आता सहल. घाटावरून आलेल्या शिक्षकाचा पहिला हट्ट समुद्राचाच असतो, आणि चूकही तिथेच होते. १ फेब्रुवारी २०१६ ला रायगडातल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून परवानग्या कडक झाल्या. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, प्रत्येक पालकाची सही असलेलं संमतीपत्र आणि वरिष्ठांची लेखी परवानगी, या क्रमाने कागद करा. एसटी शालेय सहलीला निम्मं भाडं घेते, पण आगारात अर्ज तीन-चार आठवडे आधी हवा. २४ डिसेंबर ते १ जानेवारी टाळाच. गणपतीपुळे, तारकर्ली, गुहागर पर्यटकांनी भरलेलं असतं आणि मुलांना जेवायला सावली मिळत नाही.

किनाऱ्याचा दिवस भरतीवरून ठरवा. इथले जुने लोक तिथीच्या आकड्याची पाऊणपट करतात. शुद्ध किंवा वद्य चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यात सहा तास बारा मिनिटं मिळवली की ओहोटी. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, कारण तिथीमागे भरती सरासरी ४८ मिनिटांनी सरकते आणि पाऊणपट धरते ४५. पंधरा तिथींत ही तीन-तीन मिनिटं साठून पाऊण तास होतो, म्हणून अमावास्या-पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा येतं आणि पाणी बारा वाजता भरतं. २२ डिसेंबरच्या गणित दिनाला यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

सहलीसाठी अष्टमी-नवमी धरा. ओहोटी दुपारी बारा-एकच्या दरम्यान येते, शिवाय तेव्हा भांगाचं पाणी असतं, म्हणजे चढउतार कमी आणि ओढही कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ऐन दुपारी पाणी भरतं, तेव्हा मुलांना वाळूत सोडू नका. खाडीच्या तोंडाशी कधीच नाही, कारण ओहोटीला आतलं सगळं पाणी तिथून बाहेर ओढलं जातं. निघायच्या आदल्या संध्याकाळी एखाद्या मच्छीमाराला वेळ विचारा, त्याचं उत्तर आपल्या गुणाकाराच्या वर. दहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा, आणि पाण्यात उतरायचंच नाही हे बसमध्येच सांगा.

लांब जायचंच असं नाही. रत्नागिरी-राजापूरकडे उक्षी, कशेळी, बारसूच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवर, कातळशिल्पं (खडकात कोरलेली जुनी चित्रं) आहेत. पावसाळ्यात गवताआड गेलेला कातळ डिसेंबरात उघडा पडू लागतो. सकाळी आठ-नऊला तिरप्या उन्हात रेषा नीट दिसतात, दुपारी काहीच दिसत नाही. रेषांवर खडू फिरवू देऊ नका.

रायगडात असाल तर पोपटी लावा, म्हणजे मडक्यात शेंगा भाजा. डिसेंबरअखेर वालाच्या शेंगा भरू लागतात. वीस मुलांना तीन किलो शेंगा, दीड किलो छोटे बटाटे, मीठ आणि ओवा पुरे. कोरड्या मडक्याच्या तळाशी भांबुर्डा या रानझुडपाचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा आणि बटाटे, तोंडाशी पुन्हा पाला गच्च. पाणी घालायचं नाही, वाफ शेंगांचीच. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, झावळ्या, काटक्या पेटवा. अर्ध्या-पाऊण तासाने वरून पाण्याचे थेंब टाका, चर्र होऊन लगेच उडाले तर झाली. शेंगा दाबून भरल्या तर मध्यभाग कच्चा राहतो, ओलं मडकं तडकतं. भांबुर्डा शेताच्या बांधावर मिळतो, मुलं तुमच्याआधी ओळखतील.

स्नेहसंमेलन उघड्यावर असेल तर दव विसरू नका. क्रेपचा कागद रात्री नऊपर्यंत लोंबतो आणि रंग पोशाखांवर उतरतो. कापडी तोरणं लावा, माईकवर प्लास्टिक ठेवा, दहाला ध्वनिक्षेपक बंद करा. तालीम साडेपाचच्या पुढे नको. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मुलं पाखाडीने (दगडी पायवाटेने), रानातून वाडीवर जातात. बिबट्याचा वावर असेल तर मोठी मुलं पुढे-मागे ठेवून टोळीनेच सोडा.

दिनविशेषांसाठी बाहेरचं साहित्य आणायची गरज नाही. साने गुरुजी २४ डिसेंबर १८९९ चे, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचं दहन झालं ते महाडला. दोन्ही जागा नकाशावर आपल्या शाळेपासून मोजायला लावा.

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. पटावरचं नाव लगेच कमी करू नका. कुठे जाणार ते आधी विचारा, दुसऱ्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड भरून हातात द्या, भट्टीजवळच्या शाळेला फोन करा. रत्नागिरीच्या आंबाबागांत याच महिन्यांत नेपाळी राखणदारांची मुलं येतात. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयानुसार वर्गात घ्या. कागद मागाहून येतील.