परदेशी निधीतून न्याय-हक्कांचं काम करताय? आमच्या या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या एका गावात समाजमंदिरात आमचं कायदेविषयक शिबिर झालं. बॅनर लागला, हजेरीपटावर सह्या-अंगठे झाले, फोटो निघाले. सगळे चहाला उठले तेव्हा एक बाई पिशवीतून चार घड्या घातलेला सातबारा काढून पुढं आल्या. "वडील जाऊन सात वर्षं झाली. उताऱ्यावर भावांचीच नावं हायत. माझं नाव कसं लागंल?" उद्या सकाळी त्यांनी कुठल्या कचेरीत जायचं, काय लिहून द्यायचं, हे सांगण्याची तयारी आमच्यापैकी एकाचीही नव्हती. तिमाही अहवालात मात्र त्या 'लाभार्थी' म्हणून मोजल्या गेल्या.

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. शिबिरं मोजली, माणसं मोजली, प्रश्न सुटला का ते मोजलंच नाही. निधी देणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात किती कार्यक्रम, किती महिला असे रकाने असतात आणि ते भरण्यातच वर्ष जातं. प्रस्ताव लिहितानाच ते रकाने बदलून मागा: किती अर्ज दाखल झाले, कितींची पोच मिळाली, किती निकाली निघाले. करारावर सही होण्याआधी मागितलं तर ऐकतात. नंतर कुणी ऐकत नाही.

आणि प्रत्येक माणसामागं एक कागद ठेवा. त्यावर तारीख, कचेरी, दिलेला अर्ज, मिळालेली पोच आणि पुढची तारीख, एवढंच. त्या बाईंच्या बाबतीत करायचं ते अवघड नव्हतं. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे तलाठ्यानं त्याची लेखी पोच तिथल्या तिथं द्यायची असते. ती मागायची लाज वाटते, म्हणून पहिल्या खेपेला कार्यकर्त्यानं सोबत जावं. मग फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, धरला जातो, नोटीस निघते, हरकती ऐकल्या जातात आणि मंडल अधिकारी निर्णय देतात. तो विरोधात गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येतं. ही मुदत हुकली की पुढं प्रत्येक पायरीवर उशिराचं कारण देत बसावं लागतं.

हक्कसोडपत्राचंही, म्हणजे आपला हिस्सा सोडून देण्याच्या कागदाचंही बोला, शिबिरात सगळ्यांसमोर बोला. हिंदू वारसा कायद्यानं १९५६ पासून मुलगी वडिलांची वारस आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनं एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत ती जन्मानंच सहहिस्सेदार झाली. तरी माहेर तुटेल या धास्तीनं बहिणी सही करून मोकळ्या होतात. सही करण्याआधी कागद वाचून घेण्याचा हक्क तरी त्यांना माहीत हवा.

मोफत वकिलाबाबत आमचे कार्यकर्ते बायकांकडं उत्पन्नाचा दाखला मागत होते. हे साफ चूक. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे द्यायचा, फोन १५१०० वर करायचा. प्रकल्पाच्या पैशातून वेगळा 'सल्लागार वकील' नेमण्याआधी ही सोय पुरती वापरा.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. वकिलांनी आणि सहा जिल्ह्यांतल्या लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, त्याचा आनंद मलाही आहे. पण तेव्हापासून 'न्याय दारात आला' असं गृहीत धरून लिहिलेले प्रस्ताव दिसतात. चंदगडच्या बाईचं दार अजून शंभरावर किलोमीटर लांब आहे, आणि तिचं काम उच्च न्यायालयात नाही, तलाठ्याच्या कचेरीत, सज्जावर अडलेलं आहे.

दुसरी मोठी चूक समांतर समित्यांची. आम्ही गावोगाव 'सुशासन गट' काढले. निधी संपला आणि गटही संपले. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू आहे. ग्रामसभेला घटनेचा आधार आहे, आपल्या गटाला नाही. त्यामुळं विषय ग्रामसभेच्या अजेंड्यावर घ्यायला लावा, त्याआधीच्या महिला सभेत तो मांडा, आणि प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) ठराव जसा झाला तसाच लिहिला गेलाय का, हे सभा उठण्याआधी वाचून घ्या. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो ग्रामसभेतच. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. कुठल्याही प्रकल्पाच्या गटाच्या शब्दाला एवढं वजन आलं नसतं.

सभेची वेळही बघा. पावसाळ्यात राधानगरी-गगनबावड्याकडं भाताची रोपलावण असते, गळीत हंगामात ऊसपट्ट्यात फुरसत नसते. दिवसा अकराला बोलावलं तर निवांत असलेले पुरुषच येतात.

पैशाचे नियम थोडक्यात, पण पाठ करा. परकीय योगदान नियमन कायद्यात २०२० ची दुरुस्ती झाल्यापासून आलेला निधी दुसऱ्या संस्थेला पुढं देता येत नाही. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. गावपातळीवरच्या छोट्या मंडळाला 'भागीदार' लिहून त्याच्या नावे रक्कम दाखवली की नोंदणीच धोक्यात येते.

१ जुलै २०२५ ला अमेरिकेच्या यूएसएड या सरकारी मदत संस्थेचं परदेशी मदतीचं काम थांबलं आणि जगभरचे प्रकल्प अर्ध्यावर राहिले. म्हणून निधी आज थांबला तर चालू प्रकरणं कोण बघणार, हे पहिल्याच महिन्यात ठरवा. गावातल्याच एक-दोघींना तालुका विधी सेवा समितीकडं विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवायला लावा. दर महिन्याला ते पोचेचे कागद त्यांच्याकडं झेरॉक्स करून द्या, पुढची तारीख लाल पेनानं लिहून.