होमस्टेड शेतकऱ्याचे कुटुंब कागदपत्रांतून कसे शोधावे

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मधल्या गवताळ मुलखात सरकारी जमिनीवर दावा लावून बसलेल्या एखाद्या शेतकऱ्याची, म्हणजे होमस्टेडरची, माहिती काढायची असेल, तर शोध त्याच्या नावापासून सुरू करू नये, जमिनीपासून करावा. कारकुनाने नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरेच लिहिलेले असते, जर्मन किंवा चेक आडनावांची तर पार रया गेलेली असते. जमिनीचे वर्णन मात्र बदलत नाही. गट क्रमांक हाती आला की सातबारा निघतो आणि त्यावरून फेरफार मागे मागे वाचत जाता येतात, हे ज्याने आपल्या गावी एकदा तरी केले आहे, त्याला ही पद्धत ओळखीची वाटेल.

आधी कायदा नीट समजून घ्यावा, कारण पुढचे सगळे कागद त्याच्याच अटींमुळे तयार झाले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि तो १ जानेवारी १८६३ पासून अमलात आला. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या नागरिकाला, तसेच नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी माणसाला, १६० एकरांपर्यंत सरकारी जमिनीवर दावा लावता येत असे. मात्र तेथे पाच वर्षे राहून ती कसल्याचे सिद्ध केल्याशिवाय मालकीची सनद मिळत नसे. अविवाहित स्त्रिया आणि विधवाही दावा लावू शकत, म्हणून दावेदार पुरुषच असेल असे धरून चालू नये. ज्याला पाच वर्षे थांबायचे नसे, तो सहा महिन्यांनी एकरी सव्वा डॉलर भरून जमीन विकत घेई; अशा माणसाच्या दाव्याची फाइल बारीक निघाली तर नवल नाही.

मोजणीची पद्धत एकदा समजली की पुष्कळसे काम हलके होते. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा चौकोनाला टाउनशिप म्हणतात, त्यात एक चौरस मैलाचे म्हणजे ६४० एकरांचे ३६ विभाग असतात, आणि विभागाची चौथाई म्हणजे १६० एकर. पहिला होमस्टेडर म्हणून ओळखला जाणारा डॅनियल फ्रीमन याचे उदाहरण घेऊ. नेब्रास्कातील बिॲट्रिस गावाजवळची त्याची जमीन टाउनशिप चार उत्तर, रेंज (म्हणजे टाउनशिपांची उभी रांग) पाच पूर्व, विभाग २६ येथे आहे. नेब्रास्काची दक्षिण सीमा हीच उत्तरेकडच्या मोजणीची पायारेषा असल्यामुळे, ही जमीन कॅन्ससच्या हद्दीपासून चौथ्या ओळीत येते, हे नकाशा न उघडताही कळते. वर्णन पुढे असे आहे: वायव्य चौथाईचा दक्षिण अर्धा भाग, त्याच चौथाईची ईशान्य चौथाई आणि ईशान्य चौथाईची नैर्ऋत्य चौथाई. हे वाचून डोके गरगरते, म्हणून चौकटींचा कागद घ्यावा, विभागाचे चाळीस-चाळीस एकरांचे सोळा घर पाडावेत आणि एकेक रंगवत जावे. तीन घर एका ओळीत येतात, चौथे मधल्या घराच्या डोक्यावर बसते. सरळ चौकोन सोडून माणसाने असा वेडावाकडा तुकडा का निवडला असेल, हा प्रश्न येथेच पडला पाहिजे. या जमिनीतून कब क्रीक हा ओढा वाहतो; उघड्या माळावर पाणी आणि ओढ्याकाठची झाडे ज्याच्या वाट्याला आली, त्याला घराचे लाकूड आणि हिवाळ्याचे सरपण जवळच मिळाले.

सनदेची प्रत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकेच्या सरकारी जमीन खात्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते, पण तिच्यावर थांबू नये. तिच्यात नाव, जमीन आणि तारीख यांपलीकडे काही नसते. खरा ऐवज दाव्याच्या फाइलमध्ये असतो आणि या फाइली वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत. नेब्रास्काच्या फाइलींची छायाचित्रे वंशावळीच्या संकेतस्थळांवरही मिळतात. दावेदार परदेशी असेल, तर फाइलमध्ये नागरिकत्वाच्या कागदाची नक्कल सापडते आणि त्यावरून मूळ देश कळतो. सर्वांत आधी मात्र पाच वर्षे पूर्ण झाल्यावर दिलेला शेवटचा जबाब वाचावा. फ्रीमनच्या १८६८ मधील जबाबात घर चौदा बाय वीस फुटांचे, काही भाग ओंडक्यांचा व काही फळ्यांचा, दोन दारे, दोन खिडक्या, फळ्यांची जमीन, असे लिहिले आहे. सुमारे ३५ एकर नांगरून कुंपण घातलेले, एक तबेला, शंभर फूट लांबीचा मेंढवाडा, मक्याची कणगी, सफरचंदाची ४० आणि पीचची सुमारे ४०० झाडे. पाच वर्षांत १६० पैकी ३५ एकर हाताखाली आले, आणि मेंढवाडा घराच्या पाचपट लांब होता!

हा जबाब दावेदाराने जमीन पदरात पाडून घेण्यासाठी शपथेवर दिलेला आहे, आणि त्याच्या बाजूने बोलणारे दोन साक्षीदार बहुधा शेजारीच असतात, हे विसरू नये. आज मी तुझा साक्षीदार, उद्या तू माझा, असा तो मामला असे. म्हणून साक्षीदारांच्याही फाइली काढाव्यात. १८७९ पासून अशा पुराव्याची सूचना स्थानिक वर्तमानपत्रात छापावी लागे आणि तिच्यात साक्षीदारांची नावे असत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वृत्तपत्रसंग्रहात अशा सूचना घरबसल्या सापडतात.

कुटुंब या फाइलमध्ये जवळजवळ दिसतच नाही. बायको आणि अमुक इतकी मुले, एवढ्यावर भागवलेले असते. त्यासाठी जनगणनेकडे वळावे. १८७० च्या यादीत कुटुंबप्रमुखाशी नाते लिहिलेले नाही, ते १८८० पासून येते. परंतु मुलांची जन्मस्थाने दोन्हींत आहेत. थोरला ओहायोत, मधली आयोवात, धाकटा नेब्रास्कात असे दिसले, की कुटुंबाचा प्रवासच समोर उलगडतो. १८५० ते १८८० या जनगणनांना शेतीचे वेगळे तक्ते जोडलेले आहेत, आणि त्यांतला लोण्याचा रकाना मला सर्वांत बोलका वाटतो, कारण ते लोणी बहुतेक घरांत बाईनेच घुसळलेले असे आणि जनगणनेच्या मुख्य यादीत तिच्या नावापुढे मात्र केवळ ‘घर सांभाळते’ एवढेच लिहिलेले असते. १८९० च्या जनगणनेचे कागद १९२१ च्या आगीमुळे जवळजवळ सगळे गेले. ती पोकळी नेब्रास्कापुरती १८८५ च्या जनगणनेने थोडीफार भरून निघते. १९०० च्या यादीत प्रत्येक आईला किती मुले झाली आणि त्यांतली किती हयात आहेत हे विचारलेले आहे. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे गेलेली मुले, आणि पुष्कळदा त्यांची दुसरी कोठेच नोंद नसते.

लग्नाची नोंद शेतकऱ्याच्या गावी शोधून हाती काही लागले नाही, तर वधूच्या गावी पाहावे. फ्रीमनची पत्नी ॲग्नेस सूटर ही आयोवातील ले क्लेअर गावची. तिचा विवाह आधी डॅनियलच्या भावाशी ठरला होता. तो अमेरिकेच्या यादवी युद्धात मरण पावला, पुढे डॅनियल आणि ती यांच्यात पत्रव्यवहार सुरू झाला आणि १८६५ मध्ये त्यांचे लग्न झाले. दावा लावला तेव्हा त्यांचे लग्न झालेलेही नव्हते.

घराण्यात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी वेगळ्या वहीत लिहाव्यात. फ्रीमनने ब्राउनव्हिल येथील सरकारी जमीन कार्यालय मध्यरात्री उघडायला लावून दावा लावला, अशी कथा आहे. दाव्यावर १ जानेवारी १८६३ ही तारीख आहे, कितीचा ठोका पडला हे नाही. त्याचप्रमाणे ‘मोकळी जमीन’ हा शब्दही तपासून घ्यावा. बिॲट्रिस ज्या गेज काउंटीत आहे, तिच्या दक्षिण भागात ओटो-मिझुरिया या मूळ अमेरिकी लोकांचे राखीव क्षेत्र होते आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना तेथून हलवण्यात आले. आपल्या शेतकऱ्याच्या तुकड्याबाबत मूळ रहिवाशांपैकी कोणाशी आणि कधी करार झाला, हे त्याच वहीच्या पहिल्या पानावर असावे.

इतके करूनही सनद सापडत नसेल, तर माणूस पाच वर्षे टिकलाच नाही अशी शक्यता धरावी. दुष्काळ, १८७४ ची टोळधाड, कर्ज, आजारपण, कारणे काहीही असोत, असंख्य दावे अर्ध्यावर सोडले गेले, आणि सनदांच्या यादीत त्यांचा मागमूस नसतो. अशा वेळी जमिनीच्या क्रमाने लिहिलेल्या नोंदवह्या, म्हणजे ट्रॅक्ट बुके, उघडावीत. तेथे नावाने नव्हे, विभाग आणि चौथाईनेच शोधावे लागते. त्याच १६० एकरांपुढे एकाखाली एक तीन-चार नावे, बहुतेकांवर रद्द झाल्याचा शेरा, आणि सनदेचा क्रमांक फक्त शेवटच्या नावापुढे.