घरात कोकरू वाढवायचं तर

आई नसलेलं कोकरू आणलंत तर आधी चीक शोधा. जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच तो पोटात जायला हवा. मेंढीचा नसेल तर शेळीचा चालतो. मग शेळीचं कोमट दूध, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. पाजताना बाळासारखं उताणं धरू नका (आमची पोरं हमखास धरतात), दूध फुप्फुसात जातं. चार पायांवर उभं करा, मान किंचित वर. शेपूट वळवळू लागलं की समजा, नीट पितंय.

दोन आठवड्यांनी कोवळा शेवरीचा पाला समोर टांगा. लाडानं भाकरी-भात चारू नका, पोट फुगतं. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस डॉक्टरांना विचारून पावसाळ्याआधी टोचून घ्या.

नर असेल तर कपाळ ढकलायचा खेळ नकोच. उद्या तोच एडका पाहुण्यांना धडका देतो. एकटं ठेवू नका, सोबतीला करडूही चालेल.