जुन्या एमजीबीला पाच गिअरचा बॉक्स कसा बसवावा

जळगाव सोडलं की एरंडोल, पारोळा मागे टाकत धुळ्यापर्यंत रस्ता जवळजवळ सपाट. अशा रस्त्यावर एमजीबी, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ताशी ९० ने पळवली की इंजिन सुमारे ३१०० आरपीएमवर घोंघावत राहतं, कारण चौथा गिअर सरळ १ चा (इंजिनाच्या एका फेरीला मागे जाणाऱ्या शाफ्टची एक फेरी) आणि मागचा ॲक्सल ३.९ चा (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ३.९). ओव्हरड्राइव्ह हा जादा गिअर नसेल तर त्यावर काहीच नाही. मे महिन्यात पारा ४४ वर असताना तासभर असं चालवून बघा, टेंपरेचरचा काटा काय म्हणतो ते दिसेल. पाचवा गिअर ०.८१ चा मिळाला तर तोच वेग सुमारे २५०० मध्ये येतो.

काम दोन माणसांनी आठवड्यात होण्यासारखं आहे, मात्र माझी एक अट असते. गाडीची बॉडी कापायची नाही आणि मूळ बॉक्स विकायचा नाही. उद्या कोणाला गाडी कारखान्यातून आली तशी करायची असेल तर बोल्ट उघडून करता आली पाहिजे. याला कागदोपत्री कारणही आहे. ५० वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंद होते, आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्यासाठी चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा लागतो. गिअरबॉक्स बदलण्याबद्दल आपल्या आरटीओत आधी लेखी विचारून ठेवा.

बॉक्स निवडताना

एमजीबीत सहसा दोन बॉक्स बसवतात. एक फोर्ड सिएराचा टाइप ९, दुसरा पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ चा. टाइप ९ चा पहिला गिअर ३.६५ चा, दुसरा १.९७ चा. दोघांत एवढी दरी की कन्नडच्या घाटात दुसरा टाकल्यावर इंजिन एकदम खाली बसतं. माझ्दाचे गिअर ३.१४, १.८९, १.३३, १ आणि ०.८१. पायऱ्या सारख्या पडतात आणि गिअर हाताला लोण्यासारखा लागतो. मात्र पहिला थोडा उंच असल्यामुळे चढावर भरल्या गाडीने निघताना क्लच जरा जास्त सांभाळावा लागतो. मी माझ्दाच घेईन, म्हणून पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहितो.

तुमची गाडी १९६७ च्या अखेरीआधीची आहे की नंतरची, ते पैसे देण्याआधी बघा. त्या सुमारास चारही गिअरला सिंक्रो (गिअर न करकरता पडावा म्हणून असलेली रचना) असलेला बॉक्स आला आणि त्यासाठी कारखान्याने टनेल, म्हणजे बॉक्सवरचा पत्र्याचा बोगदा, रुंद केला. आधीच्या गाड्यांचा टनेल अरुंद आहे. पुठ्ठ्याचे साचे कापून टनेलच्या आत फिरवा. जागा पुरत नसेल तर दुसरा बॉक्स शोधा, ग्राइंडर उचलू नका.

उतरवणं

एमजीबीचा बॉक्स एकटा खालून निघत नाही, इंजिनासकट वर ओढावा लागतो. बॅटरी सोडा, बॉनेट आणि रेडिएटर काढा, प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खुणा करा, गाडी घोडीवर (ॲक्सल स्टँडवर) घ्या आणि चेन ब्लॉकने जोडी तिरपी करून उचला. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी शिरायचं नाही.

बेलहाउसिंग: सगळं इथे ठरतं

बेलहाउसिंग म्हणजे इंजिन आणि बॉक्स यांना जोडणारा, क्लचला झाकणारा घंटेसारखा भाग. त्यासाठी इंग्लंड-अमेरिकेत तयार किट मिळतात. दोन्हींची भोकं जुळवणारी अडॅप्टर प्लेट इथेच करून घ्यायची असेल तरी हरकत नाही. जळगावच्या एमआयडीसीत चांगले टर्नर आहेत, आणि अँबेसेडरचं १४८९ सीसी इंजिन एमजीबीच्याच बी-सिरीज घराण्यातलं असल्यामुळे जुन्या मिस्त्रींना हे इंजिन परकं वाटत नाही. पण प्लेट कुठलीही असो, डायल गेज (मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं काट्याचं माप) लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिल्या वेळी मी ते केलं नव्हतं. बोल्ट बसले, गिअर पडले, गाडी निघाली. दोन हजार किलोमीटरच्या आतच पुढचं बेअरिंग गुणगुणू लागलं आणि सगळं परत उतरवावं लागलं. लेथवरचे बाबा तेव्हा एवढंच म्हणाले, "इतली घाई कसाले शे, भाऊ?" तेव्हापासून गेज पहिल्यांदा निघतं.

क्रँकचा मध्य आणि बॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एकाच रेषेत हवा. क्लच न लावता बेलहाउसिंग इंजिनाला कसा. गेजचा चुंबकी पाय फ्लायव्हीलवर ठेवा आणि काटा बेलहाउसिंगच्या त्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवा, जिथे बॉक्सचं तोंड बसतं. स्पार्क प्लग काढून ठेवा म्हणजे क्रँक हाताने हलका फिरेल. घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ या जागी रीडिंग लिहा. समोरासमोरच्या रीडिंगमधला फरक निम्मा केला की खरी सरक कळते. १२ ला शून्य आणि ६ ला ०.३० मिमी दिसलं तर भोक ०.१५ मिमी सरकलेलं आहे. ०.१३ च्या वर मी सोडत नाही. बोल्ट सैल करून प्लेट हलक्या हाताने ठोकत जागेवर आणा, पुन्हा मोजा, आणि रीडिंग बसल्यावरच प्लेट जागेवर धरणाऱ्या डॉवेल पिनची भोकं रीम करा, म्हणजे नेमक्या मापाची करा. आधी पिन आणि मग मोजमाप असं केलं तर चूक कायमची पक्की होते. यानंतर काटा सपाट तोंडावर टेकवून तेही तिरकं नाही ना ते बघा.

क्लच प्लेट एमजीबीच्या मापाची, ८ इंची, पण मधले दाते माझ्दाच्या शाफ्टचे हवेत. क्रँकच्या टोकात बसून या शाफ्टला आधार देणारं पायलट बुश शाफ्टच्या टोकाच्या मापाने ब्राँझचं करून घ्या.

मागचा आधार आणि शाफ्ट

माझ्दात बॉक्स मागून डिफरन्शियलपर्यंत जाणाऱ्या एका लांब फ्रेमने धरलेला असतो, त्यामुळे आपल्याला हवा तसा माउंट त्याच्यावर नसतो. तो बनवावा लागतो. क्रॉसमेंबर गाडीच्या मूळ भोकांतच बोल्टने बसेल असा करा, शेलला वेल्डिंग नको. पक्कं करण्याआधी कोन मोजा. बॉक्सचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन समांतर हवेत, एरवी विशिष्ट वेगाला गाडी थरथरते. ती थरथर नुसत्या बॅलन्सिंगने जात नाही. माउंटखाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून कोन जुळवा, त्यानंतर प्रोपेलर शाफ्टची लांबी घ्या, आणि शाफ्ट बॅलन्स करूनच बसवा. शाफ्टचा पुढचा योक (जोडाचं टोक) बॉक्सच्या शेपटीत सरकता असतो. गाडी चाकांवर उभी असताना त्याला आत जायला २० ते २५ मिमी जागा राहू द्या.

तेल आणि स्पीडोमीटर

एमजीबीच्या मूळ बॉक्समध्ये इंजिन ऑइलच घालतात. त्या सवयीने नव्या बॉक्समध्ये तेच ओतू नका. माझ्दाला ७५डब्ल्यू-९० जीएल-४ गिअर ऑइल लागतं. क्लचच्या तेलाच्या नळीतली हवा काढा, रिव्हर्स लाइटची वायर जोडा.

स्पीडोमीटरच्या डायलवर बारीक अक्षरांत आकडा असतो, बहुतेक १२८०. तो म्हणजे एका मैलात केबलने घ्यायच्या फेऱ्या. अंगणात २० मीटर मोजून घ्या, केबल मीटरकडून सोडा, गाडी ढकला आणि आतली तार किती फिरली ते मोजा. १२८० साठी जवळजवळ १६ फेऱ्या यायला हव्यात. कमी-जास्त असेल त्या प्रमाणात मधला गिअर बसवून घ्यावा लागेल.

पहिली चक्कर जवळची ठेवा. ५०० किलोमीटरनंतर माउंटचे आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा, तेलाची गळती बघा. जुना बॉक्स धुऊन तेल भरा, तोंडं कापडाने बांधा, त्याचा बेलहाउसिंग, क्लच प्लेट आणि शाफ्ट एकाच पेटीत ठेवा आणि पेटीवर गाडीचा चेसिस नंबर लिहा.