शेवटचे चार मिलिमीटर: ब्लँक डीव्हीडी कशी निवडावी, कशी तपासावी

गंगाखेडला माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. पोट लग्नाच्या शूटिंगवर चालतं, पण जीव लागलेलं काम म्हणजे हरिनाम सप्ताह. जनाबाईंच्या या गावाभोवती खेड्याखेड्यांत सप्ताह बसतात. सात दिवस रोज रात्री कीर्तन आणि आठव्या दिवशी काल्याचं. वीस वर्षं मी ती कीर्तनं कॅमेऱ्यात धरत आलो आहे.

२००७ साली एका गावच्या सप्ताहाच्या डीव्हीडी मारल्या. सॉफ्टवेअरनं प्रत्येक वेळी ‘यशस्वी’ असं दाखवलं. मी टीव्हीवर पहिली दहा मिनिटं लावून बघितली, कमिटीला प्रती दिल्या आणि मिनी-डीव्हीच्या टेप लग्नाच्या कामाला परत वापरल्या. टेप महाग होत्या, तेव्हा सगळेच तसं करायचे. तीन वर्षांनी त्या गावचा एक पोरगा आला. पखवाज शिकत होता. सहाव्या रात्री शेवटी महाराजांनी जनाबाईंचा अभंग घेतला होता, त्याच्यावर त्याच्या आजोबांनी जे वाजवलं ते त्याला पाहिजे होतं. “दादा, आमच्या घरची शिडी तिथं येऊन अडकतीया, तुमच्यापाशी चांगली असंल.” माझ्याकडची लावली. तीही तिथंच अडकली. कमिटीकडच्या प्रती मागवल्या, त्याही. सगळ्या एकाच डब्यातल्या होत्या. चार वेगवेगळ्या ड्राईव्हमध्ये, सगळ्यात कमी स्पीडला रात्रभर वाचत ठेवून शेवटच्या वीसपैकी नऊ मिनिटं हाती आली. पखवाजाचा भाग त्यात नव्हता.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. डेटाची पट्टी मध्यापासून २४ मिलिमीटरवर सुरू होते आणि ५८ वर संपते. दोन तासांच्या कीर्तनानं डिस्क भरली, तर शेवटची वीस मिनिटं कडेच्या जेमतेम चार मिलिमीटरमध्ये बसतात. डिस्क बिघडायला बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात होते. लेझर ज्यात लिहितो तो रंगद्रव्याचा थर कडेला सारखा बसलेला नसतो, दोन पापुद्र्यांची चिकटण तिथं सुटते, बोटं तिथंच लागतात, आणि १६ एक्सला, म्हणजे मूळ वेगाच्या सोळापटीनं, लिहिताना सगळ्यात जास्त वेगही तिथंच असतो. मी तपासली होती पहिली दहा मिनिटं. त्यानंतर मी डिस्क कशी घेतो आणि कशी तपासतो ते सगळं खाली लिहितो आहे.

आता कुणी विचारेल, पेन ड्राईव्हच्या जमान्यात डिस्क कशाला? हार्ड डिस्कवरही ठेवतो, दोन ठेवतो. पण आर, म्हणजे एकदाच लिहिता येणारी, डिस्क व्हायरसला पुसता येत नाही, चुकून डिलीट होत नाही, आणि एक खराब झाली तर एकाच रात्रीचं कीर्तन जातं, वीस वर्षांची नाही. मात्र आरडब्ल्यू, म्हणजे पुसून परत लिहायची डिस्क, जपून ठेवायच्या कामाला कधीच वापरू नका.

डब्यावरचं नाव आणि आतला माल

डब्यावर जे नाव छापलंय त्यानंच डिस्क बनवली असेल असं नाही. बरेच ब्रँड दुसऱ्याच्या कारखान्यातून माल घेतात आणि एकाच ब्रँडच्या दोन डब्यांत दोन कारखान्यांचा माल निघू शकतो. खरी ओळख डिस्कच्या आत, कारखान्यातच कोरलेली असते. तिला मीडिया कोड किंवा एमआयडी म्हणतात. कोरी डिस्क ड्राईव्हमध्ये घालून इमजीबर्न उघडलं की उजव्या बाजूला डिस्क आयडी दिसतो. ‘एमसीसी ००४’ दिसलं तर मित्सुबिशी केमिकलची १६ एक्सची प्लस आर, ‘टीवायजी०३’ म्हणजे जपानच्या तायो युदेनची मायनस आर, ‘सीएमसी मॅग’ म्हणजे तैवानची सीएमसी, आणि ‘एमबीआय’नं सुरू होणारा कोड म्हणजे आपली नोएडाची मोझर बेअर. (प्लस आर आणि मायनस आर हे एकदाच लिहायच्या डीव्हीडीचे दोन प्रकार.)

जुन्या शिफारशी वाचून खरेदी करू नका, कारण कारखाने राहिलेले नाहीत. तायो युदेननं २०१५ मध्ये हा धंदा बंद केला. मोझर बेअर एके काळी जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी होती, ती २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तिच्या डिस्क माझ्या कपाटात आहेत आणि अजून वाचतात. व्हर्बॅटिम या ब्रँडचं नाव मित्सुबिशीकडून सीएमसीकडे गेलं. म्हणजे नाव तेच राहतं, घर बदलतं. म्हणून मी एमआयडीसुद्धा पहिली चाळणी म्हणूनच वापरतो. निकाल चाचणीचा.

आमच्याकडं पूर्वी सगळे देवगिरी एक्सप्रेसनं सिकंदराबादला जायचे आणि चेनॉय ट्रेड सेंटर या कॉम्प्युटरच्या बाजारातून पन्नास-पन्नासचे डबे आणायचे. मी अजूनही दुकानदाराला सांगतो, आधी दहा सुट्ट्या द्या. त्या तपासतो आणि मग त्याच खेपेतला डबा मागतो. प्लस आर घ्यावी की मायनस आर हा वाद सोडून द्या. तुमच्या ड्राईव्हला जी मानवते ती घ्या. डबल लेयरची ८.५ जीबी डिस्क मात्र मी टाळतो, त्यापेक्षा दोन साध्या बऱ्या. ब्लू-रे घेणार असाल तर डब्यावर ‘एलटीएच’ लिहिलेली घेऊ नका. तिच्यात डीव्हीडीसारखंच सेंद्रिय रंगद्रव्य असतं, साध्या बीडी-आरमध्ये धातूंसारखा असेंद्रिय थर असतो. मिनी-डीव्हीची टेप जशीच्या तशी उतरवली तर तासाला साधारण १३ जीबी लागतात, म्हणजे २५ जीबीच्या ब्लू-रेवर पावणेदोन तासांहून थोडं जास्त बसतं. कीर्तनाच्या मूळ प्रतीसाठी मी आता तेच वापरतो.

आधी डोळ्यांनी

डबा उघडला की वरची, मधली आणि तळाची अशा तीन डिस्क काढा. ट्यूबलाईटसमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर थर फाटका आहे. कडेवरून नजर फिरवा. दोन पापुद्र्यांमध्ये फट, गोंदाचा ओघळ, बुडबुडा असं काही असेल तर ती बाजूला. मधल्या भोकाभोवती केसासारखी चीर असेल तर तीही बाजूला, जास्त वेगात ती चीर पुढं सरकते. सपाट काचेवर ठेवून डिस्क हलते का तेही बघा.

सीडीच्या बाबतीत एक गोष्ट लोकांना माहीत नसते. ते चमकणारी बाजू जपतात आणि छापील बाजूवर बॉलपेननं नाव लिहितात. सीडीचा डेटा छापील बाजूच्या अगदी खाली, पातळ लाखेच्या थराखाली असतो. तिथला ओरखडा भरून निघत नाही. डीव्हीडीत डेटा ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधे असतो, म्हणून ती जरा सोशिक. तरी लिहायला पाण्याच्या शाईचा मार्करच घ्या, आणि तोही मधल्या पारदर्शक कड्यावर. कागदी स्टिकर तर नकोच. एका बाजूनं वजन वाढतं आणि कागद आकसला की डिस्क वाकते.

राईट करताना

१६ एक्सची डीव्हीडी मी ८ एक्सला मारतो. आठ-नऊ मिनिटं लागतात. १६ एक्सचा वेग आतल्या कडेला मिळतच नाही, तो वाढत वाढत बाहेरच्या कडेला १६ वर पोचतो. म्हणजे जो भाग मुळात नाजूक, तिथंच डिस्क लेझरखालून सगळ्यात जोरात सरकते आणि थरथरते. पण ‘जितकं हळू तितकं चांगलं’ हेही खरं नाही. आजचं रंगद्रव्य वेगवान लेझरच्या हिशेबानं बनवलेलं असतं. २.४ एक्सला मारलेल्या माझ्या चाचणीच्या डिस्क ८ एक्सपेक्षा वाईट निघाल्या.

आमच्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. त्या दिवसांत मी राईटिंगचं काम सकाळी आठच्या आत उरकतो. गाडीत राहिलेला डबा तासभर सावलीत ठेवतो. लागोपाठ तीन डिस्क झाल्या की ड्राईव्हला अर्धा तास विश्रांती. कॉम्प्युटर यूपीएसवरच पाहिजे, कारण मधेच लाईट गेली की आर डिस्क वायाच. लॅपटॉपला लावायच्या चपट्या यूएसबी ड्राईव्हला पुरेसा करंट मिळत नाही तेव्हा राईटिंग बिघडतं, म्हणून हब न वापरता थेट मागच्या पोर्टला लावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे जुन्या डेस्कटॉपमधला मोठा ड्राईव्ह काढून घ्या आणि वेगळा वीजपुरवठा असलेल्या साटा-यूएसबी ॲडॅप्टरवर चालवा.

सगळ्या फाईली एकाच दमात लिहा आणि डिस्क फायनलाईज करा, म्हणजे पुढच्या लिहिण्यासाठी बंद करा. आज थोडं, उद्या थोडं असं नको.

चाचणी

चाचणीची डिस्क काठोकाठ भरा. अर्धी भरलेली डिस्क तपासून काही कळत नाही, खोट कडेला असते. खऱ्या कामाची डिस्क मात्र मी ४ जीबीवर थांबवतो आणि कडेची पट्टी कोरी सोडतो.

राईट झाल्यावर ट्रे बाहेर काढा, परत आत घाला आणि मगच व्हेरिफाय करा. मूळ फोल्डरमधल्या प्रत्येक फाईलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्या डेटावरून काढलेली अक्षर-आकड्यांची ओळखखूण, आधी काढून ठेवा, डिस्कवरून परत काढा आणि जुळवा. एका अक्षराचा फरक पडला तरी फाईल बिघडली. हेच काम दुसऱ्या ड्राईव्हमध्ये करा, शक्यतो जुन्या आणि थोड्या हट्टी ड्राईव्हमध्ये. ज्यानं लिहिलं त्यालाच वाचता आलं, याला मी पास म्हणत नाही.

पण हॅश जुळला म्हणजे डिस्क आज वाचली एवढंच कळतं. ती किती ताणून वाचली ते कळत नाही. कीर्तनात माईक खरखरला आणि एखादा शब्द हुकला, तरी अभंग पाठ असला की आपण तो मनातच भरून घेतो. ड्राईव्ह तसंच करतो. प्रत्येक डिस्कवर चुका असतातच, सोबत लिहिलेल्या जादा माहितीवरून तो त्या दुरुस्त करतो. आडव्या ओळीत सापडलेल्या चुका म्हणजे पीआय. जी ओळ तेवढ्यानं सुधरत नाही ती पीआय फेल्युअर, म्हणजे पीआयएफ, आणि ती मग उभ्या रांगेच्या हिशेबानं सुधारावी लागते. प्रमाण मर्यादा अशी आहे की लागोपाठच्या ८ ब्लॉकमध्ये (ब्लॉक म्हणजे अशा ओळी-रांगांचा एक तुकडा) पीआय २८० च्या वर जाऊ नये. एका ब्लॉकमध्ये पीआयएफ ४ च्या वर जाऊ नये असंही धरतात.

हे मोजायला प्रत्येक ड्राईव्ह चालत नाही. लाईटऑनचे आयहॅस मालिकेतले जुने ड्राईव्ह मोजतात, मोडीत निघालेल्या डेस्कटॉपमध्ये ते सापडतात. नीरो डिस्कस्पीड, ऑप्टी ड्राईव्ह कंट्रोल किंवा केप्रोब यांपैकी एखाद्यात आलेख निघतो. मी आकड्यापेक्षा आलेखाचा आकार आधी बघतो. सपाट जाऊन शेवटी थोडा वर गेला तर ठीक. शेवटच्या अर्ध्या जीबीत भिंतीसारखा उभा राहिला तर तो डबा परत. मधेच एकटा सुळका असेल तर डिस्क फडक्यानं पुसून परत मोजा, धूळही असू शकते. दोन डिस्कची तुलना एकाच ड्राईव्हवर, एकाच स्पीडला झाली तरच खरी. सीडीसाठी एवढंच लक्षात ठेवा: सी२, म्हणजे पहिल्या फेरीत न सुधारलेल्या, चुका शून्यच पाहिजेत.

मोजणारा ड्राईव्ह नसेल तर वाचण्याच्या वेगाचा आलेख काढा. रेष सुरळीत चढत गेली तर बरं, जागोजाग खाली आपटली तर ड्राईव्ह तिथं धडपडतोय.

आणि शेवटी ऊन. एकाच डब्यातल्या दोन डिस्क सारख्या मारायच्या. एक कपाटात, दुसरी दक्षिणेच्या खिडकीत, चमकणारी बाजू उजेडाकडं करून. पत्र्यावर ठेवू नका, तिथं ती वाकते आणि चाचणी फसते. चार आठवड्यांनी दोन्ही मोजायच्या. उजेड आणि उष्णता रंगद्रव्याला खातात, त्यामुळं खिडकीतली बिघडणारच. ती किती बिघडली ते बघायचं. काही डब्यांतली खिडकीतली डिस्क नंतर ड्राईव्हनं ओळखलीच नाही, काहींचा आलेख थोडाच वर सरकला. सप्ताहासाठी मी दुसऱ्या प्रकारचा डबा घेतो.

ठेवताना

पास झालेल्या डिस्क डब्यात एकावर एक रचू नका. प्रत्येकीला कडक केस आणि उभी ठेवण. माझं लोखंडी कपाट आतल्या भिंतीला आहे, पत्र्याखालच्या माळ्यावर नाही. प्रत्येक सप्ताहाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या एमआयडीच्या डिस्कवर, आणि दुसरी प्रत परभणीला बहिणीच्या घरी. शिवाय डीव्हीडिझास्टर नावाच्या सॉफ्टवेअरनं दुरुस्तीची फाईल काढून हार्ड डिस्कवर ठेवतो. ती मूळ डिस्कच्या सातव्या हिश्शाएवढी असते, आणि डिस्कचा थोडा भाग गेला तर तिच्यावरून परत भरता येतो.

एक वही आहे. तारीख, गाव, एमआयडी, स्पीड, ड्राईव्ह, पीआय, पीआयएफ. दरवर्षी खंडेनवमीला कॅमेरे आणि ड्राईव्ह पुसून त्यांची पूजा करतो, आणि त्याच दिवशी प्रत्येक वर्षाच्या सप्ताहातली एकेक डिस्क काढून परत मोजतो. नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहितो. दुप्पट झाला असेल तर दसरा झाल्यावर त्याच आठवड्यात ती अख्खी खेप नव्या डिस्कवर उतरवतो. मूळ टेप आता एकही पुसत नाही. सहाव्या रात्रीची ती नऊ मिनिटंही वहीत वेगळ्या पानावर आहेत, सगळ्या प्रतींच्या आकड्यांसकट.